ओट्यावरची जागा

धुरपदाने कळशी तिरकी करून ओट्यावर पाणी ओतलं आणि काथ्या घेऊन फरशी घासायला घेतली. घासण्याची तऱ्हा अशी, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई कुणाची तरी पाठ घासतेय आणि ती पाठ काही तिच्या आवडत्या माणसाची नाही. पांढऱ्या फरशीत काळ्या अक्षरांची पाटी बसवलेली होती. कै. सौ. म्हाळसा सोपान दिवेकर. 'सौ.'वर पाखराची शीट वाळून बसली होती. ती तिने सगळ्यात शेवटी काढली.

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कपाळावरच्या कुंकवानिशी गेलेल्या बाईचा पितृपंधरवड्यातला हा दिवस. वरवंडच्या या मळ्यात धुरपदा तो चाळीस वर्षं पाळत आली होती. सवाष्ण सांगायची, तिला पुरणाचं जेवू घालायचं, तिची ओटी भरायची आणि त्याआधी बांधाच्या कडेचा हा ओटा धुऊन त्यावर हळदकुंकू वाहायचं.

"नवरा हाय तवर करायचं," सासूने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "त्यो गेला की बंद."

म्हणजे सवतीच्या हातून सुटायचं, तर आधी विधवा व्हायला हवं. सासूने हे आमटीतल्या मिठाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं आणि ती पुढच्या कामाला लागली.

धुरपदाला बिजवराला दिली होती. लग्नात मंगळसूत्राच्या जोडीने तिच्या गळ्यात चांदीचा एक टाक आला. त्यावर हात जोडून उभी असलेली बाई. गेलेल्या पहिल्या बायकोला दुसरीने असं गळ्यात वागवायचं, ही घरची रीत. त्या टाकावरून धुरपदाच्या मनात एक वाक्य तयार झालं होतं, ते तिने आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं. माझ्या छातीशी नवऱ्याच्या आधी सवत पोचली.

जित्या सवतीशी भांडता तरी येतं. तिची भाकरी करपते, तिचे केस पिकतात, ती एखाद्या दिवशी नवऱ्याला उलटून बोलते. म्हाळसा एकविसाव्या वर्षी गेली आणि एकवीसच वर्षांची राहिली. इकडे धुरपदाचे गुडघे गेले, दाढा गेल्या, साखर वाढली. म्हाळसाचं काहीसुद्धा झालं नाही.

तरी हे सगळं धुरपदाने अंगवळणी पाडून घेतलं होतं. गेल्या वर्षी जे झालं, ते मात्र घशाखाली उतरेना. सोपानरावांनी चौफुल्याहून गवंडी आणला, ओट्याची जुनी शहाबादी काढून पांढरी फरशी बसवायला घेतली आणि बसवता बसवता ओटा उजव्या अंगाला अडीच हात वाढवला.

"ह्ये कशाला?" धुरपदाने विचारलं.

"माझ्यापुरतं. माझी राखबी हितंच ठिवायची. पोराला, नवनाथला सांगून ठिवलंय."

"आन् मी?"

सोपानराव गवंड्याच्या थापीकडे बघत राहिले. "तुला आजून लै येळ हाय," ते म्हणाले.

गवंडी जेवायला गेल्यावर धुरपदाने ओटा मोजला. म्हाळसाकडे सहा फरश्या, सोपानरावांकडे सहा. त्यापुढे बांध आणि बांधापलीकडे चुलत दिराचा ऊस.

*

घट बसले त्या आठवड्यात गावातल्या सरकारी दवाखान्यात साखर तपासायची होती. बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. दौंडहून आलेली करुणा सिस्टर एकेकीचं बोट टोचत होती आणि टोचता टोचता बोलत होती. देहदानाबद्दल. दुसऱ्या एखादीने हा विषय सणाच्या तोंडावर काढला असता, तर बायकांनी पदर झटकला असता. पण करुणा सिस्टर बोलायची अशी, की जणू भाजीची नवी जात सांगतेय.

"आगं बया," बयाबाई म्हणाली, "चिरत्यात व्हय गं तिथं?"

"चिरतात की. पण आधी हात जोडतात. जित्या माणसाला कुणी जोडतं का?"

"मंग दहावा कशाचा घालायचा?"

"आम्ही नाही घातला. माझे वडील, मच्छिंद्र गायकवाड, रेल्वेत होते. तीन वर्षं झाली त्यांना देऊन. गाडी आली, आम्ही वंदना म्हटली, गाडी गेली."

धुरपदाचं बोट नुकतंच टोचलं होतं. तिने कापूस हातातच धरून ठेवला.

"राख?" तिने विचारलं.

"राख नाही मिळत, मावशी."

"चिमूटभरसुदीक न्हाई?"

"नाही. पुढचं सगळं कॉलेजच बघतं. घरी काही येत नाही."

"म्हंजी मळ्यातबिळ्यात ठिवायचं म्हणलं तरी..."

"ठेवायला काही हातात तर यायला पाहिजे."

रक्ताचा थेंब धुरपदाच्या बोटावरून मनगटाकडे निघाला होता. बयाबाईने तिचा हात धरून कापूस दाबला.

"दे बाई मला एक कागुद," धुरपदा म्हणाली.

"धुरपदे, तू देतीस व्हय आपली कुडी?"

"मी न्हाई. आमचे हे देणारेत."

"त्यांना इचारलंस का?"

"इचारीन की."

बायका हसल्या. करुणाही हसली आणि तिने पिशवीतून फॉर्म काढला. कॉलेजचं नाव इथं लिहायचं, पुणे, बारामती, जे पाहिजे ते, असं तिने दाखवलं.

"पुणंच लिव्ह. मोठं आसतंय," धुरपदा म्हणाली. मग हळू आवाजात तिने जोडलं, "लांबबी पडतंय."

करुणाने पेन्सिलीने 'पुणे' लिहिलं. "अजून एक, मावशी. आबांनी सही केली तरी त्यावर घरच्यांची सही लागते. आणि ऐन वेळेला तुम्ही नको म्हणालात, तर आम्ही नेत नाही. शेवटचा शब्द तुमचा."

धुरपदाने फॉर्मची चार पदरी घडी घालून तो पोलक्यात ठेवला. चाळीस वर्षांत शेवटचा शब्द आपला आहे असं तिला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

*

दसऱ्याच्या झेंडूची तोडणी चालू होती. मजूर बाया वाफ्यात होत्या, सोपानराव शेडखाली बसून क्रेटमधली फुलं निवडत होते. सहा फुटांचा गडी, अडुसष्टाव्या वर्षीही पाठीचा कणा सरळ. धुरपदा त्यांच्या समोर पोतं टाकून बसली आणि फार लांबून सुरुवात केली. साखरेपासून. साखरेवरून डॉक्टरांवर आली, डॉक्टरांवरून नातीवर.

"आपल्या प्रांजलला डाक्टर व्हायचंय म्हणं. तिला शिकायला कुणी नगो का?"

"मास्तर आस्त्यात की."

"मास्तर न्हाई. माणूस. मेल्यालं." मग तिने करुणा सिस्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. फक्त राखेचं तेवढं वगळलं.

सोपानरावांनी एक डागी फूल बाजूला टाकलं. "मंग माझ्यावर शिकंल व्हय प्रांजल?"

"तिला दुसऱ्या कुणाचं मिळंल. तुमच्यावर दुसऱ्याची पोर शिकंल."

"म्हंजी साटंलोटं."

"तुमाला समदं हसण्यावारी. येवढी चांगली कुडी, जाळून काय करायचीय? पुन्य लागतंय म्हणत्यात."

सोपानरावांचा क्रेटमध्ये गेलेला हात वर आला नाही. ते तिच्याकडे बघत होते. नेहमीसारखं नव्हे. बऱ्याच दिवसांनी दारात आलेल्या माणसाची ओळख पटते का बघावं, तसं.

"तुला कुणी सांगितलं?"

"करुणा सिस्टरनं. सांगितलं की आत्ता."

"त्ये न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "काय न्हाई. तू निवड फुलं."

तीन दिवस ते या विषयावर बोलले नाहीत. धुरपदाने दोनदा चहातून, एकदा भाकरीतून विषय पुढे सरकवून पाहिला. चौथ्या दिवशी, शेवटचा टेम्पो पुण्याला गेल्यावर, त्यांनीच विचारलं.

"त्यो कागुद कुठंय?"

तिने इतक्या झटकन काढून दिला, की तिची तिलाच शरम वाटली. सोपानरावांनी तो उलटासुलटा वाचला. पेन्सिलीने लिहिलेल्या 'पुणे'वर त्यांचं बोट थांबलं.

"मी देतो," ते म्हणाले. "पर आधी शिरूरला जाऊन येऊ. गिताबाईला इचारल्याबिगर मला सही करता यायची न्हाई."

गिताबाई म्हणजे म्हाळसाची थोरली बहीण. धुरपदा उठली आणि रिकामे क्रेट एकात एक आपटत रचायला लागली. कुडी चाळीस वर्षं पोसली तिने. पथ्य तिचं, काढा तिचा, पायाला तेल तिचं. परवानगी मात्र शिरूरची.

*

चौफुल्यावरून एसटी धरून, न्हावऱ्यामार्गे, दुपारपर्यंत ते शिरूरला पोचले. नदीकडच्या आळीत गिताबाईचं घर. गेलेल्या लेकीच्या जागी आलेली बाई हीसुद्धा माहेरची लेकच, या रीतीने गिताबाई पहिल्या वर्षापासून धुरपदाला 'धाकटे' म्हणायची आणि दर दिवाळीला खण पाठवायची. धुरपदाने त्या खणांची पोलकी कधी शिवली नाहीत. ते सगळे तिच्या ट्रंकेत तळाशी होते.

चहा झाला. गिताबाई सुपातली डाळ निवडत बसली. सत्तरीची, कृश, पण जीभ शाबूत.

"गिताबाई," सोपानराव म्हणाले, "हिला सांगायचंय."

डाळीतली बोटं थांबली. "आता? गवऱ्या मसणात गेल्यावर?"

"मसणातच न्हाई जायचं म्हणून तर आलोय." त्यांनी फॉर्म तिच्यापुढे केला आणि कशाचा ते सांगितलं. "ही घिऊन आली. हिचं हिनं. मी कायबी बोललो नव्हतो."

गिताबाईने धुरपदाकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"धाकटे, तुझ्या त्या वट्याखाली काय हाय, ठावं हाय का तुला?"

"तुमची भईण."

"माझी चूल," गिताबाई म्हणाली. "माझ्या चुलीतली राख. बाभळीची. चाळणीनं चाळून दिली होती, खिळा-बिळा निघाला तर पंचाईत म्हणून."

धुरपदाला आधी काहीच कळलं नाही. गिताबाईने मग क्रमाने सांगितलं. म्हाळसाची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात ती दोन महिने होती. उशाशी आलटून पालटून सोपान आणि गिताबाई. शिकाऊ डॉक्टर पोरी रोज खाटेभोवती जमायच्या, नाडी बघायच्या, वहीत लिहायच्या. त्यातली एक तर हिची वेणी घालून द्यायची.

"ती पोरगी एकदा बोलता बोलता बोलली. आमाला शिकायला समदे बाप्येच मिळत्यात, बाई कुणी देतच न्हाई. हिनं त्ये धरून ठिवलं. मला म्हणली, अक्का, शाळंत तर कुणी घातली न्हाई, निदान कालेजात तरी जाते."

"आन् तुमी दिली?" धुरपदाने विचारलं ते गिताबाईला, बघत होती ती नवऱ्याकडे.

सोपानराव उंबऱ्याकडे बघत होते. "शब्द घेतला होता तिनं," ते म्हणाले.

"आमच्या वडलांना कळलं आसतं, तर त्यांनी आमा दोघांना जित्तं ठिवलं नसतं," गिताबाई म्हणाली. "म्हणून ठरवलं, पुण्यालाच अग्नी दिला म्हणायचं. हे तुझे मालक पुण्याहून निघालं, ते नीट माझ्या दारात. मी गाडगं भरून दिलं. आस्थी कुठायत म्हणून कुणी इचारलं, तर आळंदीला सोडल्या. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून माझ्या गळ्याची आण घातली मी ह्यांना. बेचाळीस वर्सं झाली. वडील गेले, तुझी सासू गेली. आण तेवढी ऱ्हायली."

धुरपदाच्या तोंडून हसू फुटलं. तिला ते आवरेना. चाळीस नवम्या. चाळीस वर्षं काथ्या, चाळीस वर्षं हळदकुंकू आणि खाली कुणाच्या तरी स्वयंपाकाची राख. गिताबाईही तिच्याबरोबर हसायला लागली. दोघी म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत होत्या आणि सोपानराव कुणाच्या तरी लग्नात चुकून आल्यासारखे बसले होते.

"मंग वटा कशापायी वाढवला?" हसू ओसरल्यावर धुरपदाने विचारलं. "तिथं कुणी न्हाई, तर तुमी तिथं कुणाजवळ निजणार हुता?"

"तिच्या नावाखाली काय न्हाई," ते म्हणाले. "म्हणलं, निदान माझं तरी कायतरी आसावं."

डाळीच्या सुपाशेजारी फॉर्म उलगडून पडला होता. धुरपदाची नजर त्यावर गेली.

"ती कंच्या कालेजात?"

"त्याच की. पुण्याच्या," गिताबाई म्हणाली.

निघताना गिताबाईने तिला खण दिला. धुरपदाने तो घेतला, कपाळाला लावला आणि पायऱ्या उतरताना तिचा गुडघा असा लचकला, की सोपानरावांना तिचा दंड धरावा लागला. तिने तो सोडवून घेतला.

*

एसटीत खिडकीशी बसून ती बाहेर बघत होती. बघत कसलं, हिशोब लावत होती, आणि दर वेळी तो उलटाच येत होता. नवऱ्याला सवतीपासून तोडायला म्हणून तिने कागद आणला आणि त्याच कागदावर स्वतः सांगून सवतीच्या घरचा पत्ता लिहून घेतला. आता सही नाही दिली, तर सोपानरावांची राख ओट्यावर येईल, जिथे म्हाळसा नाही. म्हणजे सही न देण्यातच तिचा फायदा. शेवटचा शब्द तिचा. एवढं सोपं होतं ते.

पण खुपत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं ती जिच्यावर जळली, ती नुसती तरुणपणी मेलेली देखणी पोर होती. तिच्यावर जळणं परवडत होतं. ही आज भेटलेली बाई निराळी होती. निरक्षर, एकवीस वर्षांची, खाटेवर पडल्या पडल्या असलं काही बोलून गेलेली. जी गोष्ट करुणा सिस्टर आज दवाखान्यात समजावून सांगते आणि बायका 'आगं बया' म्हणतात, ती हिने बेचाळीस वर्षांपूर्वी वेणी घालून घेता घेता उरकली होती. आणि हिचा शब्द या माणसाने पाळला होता. धुरपदाने आजवर कुठला शब्द मागितला होता? साधा घराला रंग द्यायचा शब्द, तोही नवनाथच्या लग्नापर्यंत लांबला.

"मला का न्हाई सांगितलं?" न्हावरं मागे पडल्यावर तिने विचारलं. "आण तुमच्या सासऱ्यासाठी हुती. त्यो जाऊन वीस वर्सं झाली."

"सांगणार हुतो. येकदा न्हाई, धाबारा येळा."

"मंग?"

"तू वटा घासायचीस." सोपानराव पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत बोलत होते. "नवमीला येवढं मन लावून करायचीस. मला वाटायचं, आता हिला सांगितलं, तर हिचं इतक्या वर्सांचं करणं फुकट जायचं. घरची बाई सवतीसाठी येवढं कुठं करती?"

काथ्या, तो खसखसाट, ते दात आवळून काढलेले डाग. हा माणूस शेडखाली बसून ते सगळं बघत होता आणि मायेच्या खात्यात टाकत होता. खरं सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. मग वाटलं, नको. एक खोटं त्यांनी चाळीस वर्षं सांभाळलं, एक आपणही सांभाळू.

चौफुल्यावर उतरल्यावर त्यांनी तिला उसाचा रस पाजला. साखर आहे हे दोघांनाही आठवलं, पण कुणी बोललं नाही.

*

पुढचे आठ दिवस धुरपदा मनाशी वाक्यं जुळवत होती. गावात लोक नावं ठेवतील. नवनाथला पटणार नाही. प्रांजल भिईल. एकही खरं नव्हतं. नवनाथने रांजणगावच्या कंपनीतून फोनवरच, "आप्पांची इच्छा आसंल तर करा," म्हणून सांगितलं होतं, आणि प्रांजल तर मैत्रिणींना सांगतही सुटली होती. मग धुरपदाने दुसरं वाक्य जुळवलं. बारामतीचं लिवा. हे वाक्य सोपं होतं. पण का, असं कुणी विचारलं, तर? गेलेल्या बाईच्या कॉलेजातसुद्धा नवऱ्याला जाऊ देत नाही, अशी बाई आपण दिसू. तशी आपण आहोतच, हे तिला माहीत होतं. पण सोपानरावांच्या डोळ्यांपुढे चाळीस वर्षं एक वेगळीच धुरपदा ओटा घासत आली होती. तिला एका वाक्यात मारून टाकायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दौंडला करुणाच्या घरी ते गेले, तेव्हा धुरपदाने ठरवून टाकलं होतं, की सही द्यायची नाही. कारण त्या वेळी जे सुचेल ते.

रेल्वेच्या हद्दीला लागूनच करुणाचं घर. मालगाडीचे डबे जोडल्याचा धडाड आवाज दर थोड्या वेळाने घरात यायचा. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली रेल्वेच्या डगल्यातले मच्छिंद्र गायकवाड. फोटोला हार नव्हता.

"बसा आबा. मावशी, साखर कितीय आता?"

"हाय तेवढीच."

करुणाने चहा ठेवला, फॉर्मचं पॅड मांडीवर घेतलं आणि नाव, वय, पत्ता शाईने भरायला घेतला. सोपानराव उत्तरं देत होते. धुरपदा आपल्या हातांकडे बघत होती.

"कॉलेज पुणे. मावशींनीच सांगितलं होतं." करुणाने पेन्सिलीच्या अक्षरांवर पेन टेकवलं.

"त्ये खोडा," सोपानराव म्हणाले. "बारामती लिवा."

धुरपदाची मान वर आली.

"का हो आबा? पुण्याचं मोठं आहे म्हणत होत्या मावशी."

"बारामती जवळ पडतंय."

"कुणाला?"

"हिला."

करुणा हसली. "आबा, तिथं डबा घेऊन जायचं नसतं. भेटायची वेळबिळ काही नाही."

"ठावं हाय मला," सोपानराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तरीबी जवळ पडतंय."

करुणाने खोडरबराने 'पुणे' पुसलं, कागदावर फुंकर मारली आणि शाईने 'बारामती' लिहिलं. मग सोपानरावांची सही घेतली आणि पॅड धुरपदाच्या मांडीवर ठेवलं.

"नातं पत्नी, असं लिहिलंय. इथं सही करा, मावशी."

धुरपदाने पेन हातात घेतलं. जे मागायची लाज वाटत होती, ते न मागताच समोर लिहून तयार होतं. तिने जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आता उपयोगाचं नव्हतं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आन् ती?"

करुणाने आधी तिच्याकडे, मग आबांकडे पाहिलं. बाहेर डबे एकमेकांवर आपटले, आवाज रुळांवरून लांबवर गेला. सोपानराव तो पूर्ण विरेपर्यंत थांबले.

"तिचं शिकवून झालं," ते म्हणाले. "कवाच."

धुरपदाने सही केली. चौथीपर्यंतच्या शाळेतली अक्षरं, रेघ सोडून वर चढणारी. धुरपदा सोपान दिवेकर. 'सोपान' लिहिताना तिने पेन इतकं दाबलं, की पॅडमधल्या खालच्या कोऱ्या फॉर्मवर त्याचा वळ उमटला.

"बारामतीला," ती मान खाली घालूनच म्हणाली, "आपल्या वरवंडची कुणी बाई गेलीय का आजवर?"

"माझ्याकडून तर नाही, मावशी. बायका अजून पुढं येत नाहीत."

करुणाने पेन घ्यायला हात पुढे केला. धुरपदाने ते दिलं नाही.